मंदी आली की बेटं सुटतात का? पूर्व तिमोरची केस नीट कशी अभ्यासायची

१९९७ चं आशियाई आर्थिक संकट आणि १९९९ चं पूर्व तिमोरचं (तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग, तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात, आता तिमोर-लेस्ते हा देश) सार्वमत हे दोन्ही विषय आपल्याकडे वेगवेगळ्या वह्यांमध्ये शिकवले जातात, एक अर्थशास्त्रात आणि एक आंतरराष्ट्रीय संबंधात, त्यामुळे एमपीएससी-यूपीएससीवाली पोरं दोन्ही पाठ करतात पण मधला धागा कुणाच्याच हाताला लागत नाही. आणि ज्यांना लागतो ते लगेच दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे "रुपिया (इंडोनेशियाचं चलन) पडला म्हणून तिमोर सुटला" असं एका ओळीत संपवून टाकतात. हे दोन्ही मला मनापासून खटकतं, कारण त्या छोट्याशा अर्ध्या बेटावर लाखभर माणसं गेलीत आणि त्यांचा हिशोब विनिमय दराच्या एका ओळीत मावणारा नाही. म्हणून ही केस स्वतः कशी उलगडायची, कुठून सुरुवात करायची, कशावर वेळ घालवायचा आणि कुठे फसायला होतं, ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय. अभ्यासगटात घ्यायचं असेल तर दोन बैठका लागतील, एकट्याने करायचं तर एक निवांत रविवार पुरे.

आधी एक कोरा कागद घ्या, आडवा

तीन रकाने पाडा. पहिला पैशाचा, दुसरा जकार्तातल्या सत्तेचा, तिसरा तिमोरचा. डावीकडे तारखा. एवढंच. बऱ्याच जणांना वाटतं की आधी सगळं वाचायचं आणि मग टिपणं काढायची, पण या विषयात उलटं करा, आधी तारखा मांडा आणि मग वाचा, कारण कशामुळे काय झालं हे ठरवायच्या आधी कशाच्या आधी काय झालं हे तरी पक्कं पाहिजे ना.

पैशाच्या रकान्यात पहिली नोंद २ जुलै १९९७, थायलंडने बात या आपल्या चलनाचा दर मोकळा सोडला तो दिवस. १४ ऑगस्टला इंडोनेशियानेही हात टेकले आणि रुपिया मोकळा सोडला. ऑक्टोबरच्या शेवटी आयएमएफशी (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी) पहिला करार, लगेच १ नोव्हेंबरला १६ बँका बंद. १५ जानेवारी १९९८ ला दुसरा करार, आणि त्याचा तो फोटो बघितलाच पाहिजे, इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो खाली वाकून सही करतायत आणि आयएमएफचे प्रमुख मिशेल काम्देसू हाताची घडी घालून बाजूला उभे आहेत. इंडोनेशियातल्या लोकांना तो फोटो फार लागला, तीसेक वर्षं ज्या माणसासमोर कुणी मान वर केली नाही तो माणूस असा वाकलेला दिसला.

दुसऱ्या रकान्यात मार्च १९९८, सुहार्तो सातव्यांदा अध्यक्ष आणि बी. जे. हबीबी उपाध्यक्ष. ४ मे ला इंधनाचे दर वाढवले. १२ मे ला त्रिसक्ती विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, तेव्हा सुहार्तो कैरोला परिषदेसाठी गेलेले होते. पुढच्या दोन दिवसांत जकार्ता जळलं, हजारावर माणसं मेली, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं-घरं निवडून लुटली, बायकांवर अत्याचार झाले. २१ मे ला सुहार्तोंनी राजीनामा दिला आणि हबीबी अध्यक्ष झाले.

तिसऱ्या रकान्यात मात्र १९९७ पासून सुरुवात करू नका. तिथे १९७४ पासून मांडायला लागतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

रुपिया पडला म्हणजे नेमकं काय झालं, ते आकडे मांडून बघा

इथे बहुतेक जण "चलन कोसळलं" लिहून पुढे जातात. असं करू नका, एक साधा हिशोब स्वतःच्या हाताने करा. १९९७ च्या मध्यात एका डॉलरला साधारण २४०० रुपिया पडायचे. समजा जकार्तातल्या एका कंपनीने तेव्हा दहा लाख डॉलर कर्ज घेतलंय, कारण डॉलरचं व्याज स्वस्त होतं आणि दर हलणार नाही असं सगळेच धरून चालले होते. म्हणजे डोक्यावर २४० कोटी रुपिया. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर १०,००० च्या वर गेला, आता तेच कर्ज १००० कोटी. त्याच महिन्यात आणि पुन्हा जूनमध्ये दर १६,००० च्या पुढेही जाऊन आला, म्हणजे १६०० कोटी. कंपनीने एक पैसा जास्त घेतला नाही, माल तोच, कामगार तेच, कमाई रुपियात तेवढीच किंवा कमी, आणि कर्ज साडेसहा पट. हा हिशोब एकदा केला की कारखाने का बंद पडले, बँका का बुडाल्या, माणसं घरी का बसली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९९८ या एका वर्षात इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आक्रसली. त्यात १९९७ चा एल निनोचा दुष्काळ, भाताचं पीक गेलेलं, म्हणजे अगदी दुष्काळात तेरावा महिना, तांदूळ आणि खायचं तेल दोन्ही सामान्य माणसाच्या हाताबाहेर.

(भारत तेव्हा का वाचला असं कुणी विचारलं तर थोडक्यात एवढंच सांगा की आपल्याकडे बाहेरून अल्प मुदतीचं कर्ज आणायला आणि पैसा बाहेर न्यायला बंधनं होती. तारापोर समितीने ती टप्प्याटप्प्याने सैल करायचा अहवाल १९९७ च्या मे अखेरीस दिला होता आणि महिन्याभरात थायलंड कोसळलं, मग तो कार्यक्रम मागे पडला. पण हा वेगळा विषय, इथे त्यात अडकू नका.)

आता खरा प्रश्न विचारा: पैशाचं संकट सत्तेच्या संकटात कुठे बदललं

सुहार्तोंची राजवट भीतीवर चालायची हे खरंच, पण नुसत्या भीतीवर बत्तीस वर्षं काढता येत नाहीत, लोकांशी एक न लिहिलेला सौदा होता, तुम्ही बोलू नका, आम्ही पोटाला कमी पडू देत नाही. १९९८ मध्ये पोटाचा भाग संपला तर गप्प बसायचं कारणही संपलं. कागदावर बाण काढायचाच असेल तर पहिला इथे काढा, ४ मे च्या इंधन दरवाढीपासून २१ मे च्या राजीनाम्यापर्यंत. हा बाण पक्का आहे, जवळजवळ कुणीच त्याच्यावर वाद घालत नाही.

दुसरा बाण जरा नाजूक आहे. हबीबींपासून तिमोरपर्यंत. हबीबी इंजिनियर माणूस, जर्मनीत विमानं बनवण्यात उमेदीची वर्षं गेलेली, लष्करातला माणूस नव्हे आणि तिमोरच्या युद्धात हात गुंतलेले नाहीत. त्यांना निवडणूक घ्यायची होती, जगासमोर सुधारक म्हणून उभं राहायचं होतं, आयएमएफचे आणि देणगीदार देशांचे पैसे चालू ठेवायचे होते. आणि तिमोर हा खर्चाचा खड्डा होता, तिथला कारभार जवळपास सगळा जकार्ताच्या पैशावर चालायचा, वर जगभर बदनामी. तिजोरी भरलेली असताना हा खर्च इभ्रतीसाठी खपून गेला. तिजोरी रिकामी झाल्यावर हबीबी उघडपणे विचारायला लागले की हे आपण का ओढतोय.

जून १९९८ मध्ये त्यांनी "विशेष दर्जा" देऊ केला. डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचं पत्र आलं, त्यात सुचवलं होतं की आधी स्वायत्तता द्या आणि बऱ्याच वर्षांनी लोकांना विचारा, फ्रान्सने पॅसिफिकमधल्या आपल्या न्यू कॅलेडोनियात मातिन्यों करारात केलं तसं. हबीबींना ते भलतंच लागलं. एक तर फ्रान्सच्या वसाहतीशी तुलना, म्हणजे आम्ही वसाहतवाले झालो का, आणि दुसरं म्हणजे आणखी दहा वर्षं खर्च आम्ही करायचा आणि शेवटी ते जाणारच असतील तर कशाला. २७ जानेवारी १९९९ ला जकार्ताने जाहीर करून टाकलं की स्वायत्तता नको असेल तर तिमोरला मोकळं करू. ऑस्ट्रेलियाला हवं होतं सावकाश, झालं एकदम. हा भाग अभ्यासगटात सावकाश घ्या, कारण आर्थिक दडपण माणसाच्या निर्णयात कसं शिरतं ते इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

इथे थांबा आणि तिसरा रकाना भरा

इथपर्यंत आलं की बरेच जण निष्कर्ष लिहायला घेतात. नका घेऊ. एक साधी उलटतपासणी करा: तेच संकट, तोच पडलेला रुपिया, तेच दुबळं जकार्ता, आणि त्याच वेळी सुमात्राच्या टोकाला आचेमध्ये नोव्हेंबर १९९९ ला सार्वमताची मागणी करत लाखो लोक बांदा आचेत जमले होते. पलीकडे पापुआतही स्वातंत्र्याची मागणी होती. मग आचेला सार्वमत का मिळालं नाही? पापुआला का नाही? जर मंदीनेच बेटं सुटत असती तर तिघंही सुटायला हवी होती.

उत्तर फाइलमध्ये आहे. म्हणजे अक्षरशः यूएनच्या (संयुक्त राष्ट्रसंघाच्या) फाइलमध्ये.

१४ डिसेंबर १९६० ला यूएनच्या आमसभेने ठराव १५१४ केला, वसाहतीतल्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असं सांगणारा. दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२, त्यात पोर्तुगालच्या ताब्यातले कुठकुठले प्रदेश वसाहती मानायचे याची यादी. ती यादी मराठी माणसाने स्वतः उघडून वाचावी असं मला फार वाटतं, कारण त्यात अंगोला, मोझांबिक, मकाव आणि तिमोरच्या सोबत गोवाही आहे. एकाच ठरावात, एकाच पानावर. त्याआधी तर १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता. म्हणजे पणजी आणि दिली (पूर्व तिमोरची राजधानी) ही एकेकाळी एकाच राज्यकर्त्याची दोन गावं.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला भारतात आला आणि पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस करार करून ते मान्य केलं, म्हणजे ती फाइल दोन्ही बाजूंनी बंद झाली. तिमोरचं तसं झालं नाही. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथली, पोर्तुगाल निघून जायला लागलं, तिमोरमध्ये आपसात यादवी झाली, २८ नोव्हेंबर १९७५ ला फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. जुलै १९७६ मध्ये २७ वा प्रांत म्हणून जोडून टाकलं. पण यूएनने ते कधीच मान्य केलं नाही. ऑस्ट्रेलियाने केलं, पुढे १९८९ मध्ये तिमोर समुद्रातल्या तेलाचा करारही केला, तरी यूएनच्या यादीत पूर्व तिमोर हा पोर्तुगालच्या प्रशासनाखालचा प्रदेशच राहिला. १९८२ साली आमसभेत तिमोरवरचा ठराव जेमतेम पास झाला, ५० विरुद्ध ४६, त्यानंतर दर वर्षी विषय पुढे ढकलला जायचा पण यादीतून काढला गेला नाही. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालची ऑस्ट्रेलियाविरुद्धची केस इंडोनेशिया पक्षकार नाही म्हणून निकालात काढली, पण त्याच निकालात लिहिलं की तिमोरच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम आहे. पोर्तुगाल केस हरलं पण ते वाक्य हाती लागलं.

आता पापुआ बघा. तिथे १९६९ मध्ये जेमतेम हजारभर निवडक माणसांना गोळा करून, लष्कराच्या देखरेखीखाली, सगळ्यांकडून एकमताने इंडोनेशियात राहायचं वदवून घेतलं आणि आमसभेने त्याची नोंद घेतली. ते किती अन्यायाचं होतं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण फाइल बंद झाली. आचे तर मूळच्या डच ईस्ट इंडीजचाच भाग, त्याची वेगळी फाइल कधी उघडलीच नव्हती. त्यामुळे १९९९ मध्ये तिमोरसाठी यूएन, पोर्तुगाल आणि इंडोनेशिया अशा तिघांची बोलणी आधीपासून चालू होती, टेबल मांडलेलं होतं, आचेसाठी टेबलच नव्हतं. आचेचा प्रश्न मिटला तो २००४ च्या त्सुनामीनंतर, ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी करारात, आणि तोही स्वायत्ततेवर.

आणि फाइल आपोआप उघडी राहिली नाही हेही लिहा. ती उघडी ठेवली ती डोंगरात लढणाऱ्यांनी, शहरात चोरून निरोप पोचवणाऱ्या पोरांनी, चर्चने, न्यूयॉर्कमध्ये यूएनच्या कॉरिडॉरमध्ये वर्षानुवर्षं तिमोरची बाजू मांडत उभं राहणाऱ्या होजे रामोस-होर्टांसारख्यांनी. १२ नोव्हेंबर १९९१ ला दिलीच्या सांता क्रूझ दफनभूमीत सैन्याने मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि त्याचं चित्रीकरण बाहेर पोचलं, तेव्हा जगाने पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. १९९६ ला बिशप कार्लोस बेलो आणि रामोस-होर्टांना शांततेचं नोबेल मिळालं, म्हणजे बात पडायच्या आधी. नंतरच्या सत्यशोधन आयोगाने १९७४ ते १९९९ मधले संघर्षाने गेलेले जीव कमीत कमी १,०२,८०० धरले, त्यातले बहुसंख्य भुकेने आणि आजाराने. तेव्हाची लोकसंख्या सात लाखांच्या आत होती हे लक्षात घ्या.

म्हणून कागदावरचा निष्कर्ष घाईने लिहायचा असेल तर इतकाच लिहा: मंदीने वेळ ठरवली, हक्क मंदीने दिला नाही.

मतपत्रिका वाचायला शिका

स्वयंनिर्णयाच्या कुठल्याही केसमध्ये लोक निकालाचा टक्का पाठ करतात आणि प्रश्न काय होता ते बघत नाहीत. प्रश्न कुणी लिहिला, पर्याय किती, मत कुणाला देता येतं, मोजणी कुठे, सुरक्षा कुणाकडे, ही पाच उत्तरं काढल्याशिवाय टक्क्याला हात लावू नका.

५ मे १९९९ चा न्यूयॉर्कचा करार उघडा. तिमोरच्या मतपत्रिकेवर "स्वातंत्र्य हवं का" असं विचारलेलंच नव्हतं. विचारलं होतं की इंडोनेशियाच्या अंतर्गत देऊ केलेली विशेष स्वायत्तता तुम्ही मान्य करता का, की नाकारता, आणि नाकारली तर तिमोर इंडोनेशियापासून वेगळा होईल. मजकूर चार भाषांत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, एका बाजूला इंडोनेशियाचा झेंडा, दुसऱ्या बाजूला तिमोरच्या प्रतिकार आघाडीचा. गोव्यातल्या वाचकांना १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल, तिथेही दोनच पर्याय होते, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, आणि तिथेही खुणा होत्या, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं. दोन्हींची जातकुळी एक नाही, गोव्याचा कौल भारताच्या आतला होता. पण दोन पर्यायांत प्रश्न मांडला की तिसरं मत असणाऱ्याचं काय होतं, ते समजायला गोव्याचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे.

मोजणीची गोष्ट तर सगळ्यात शिकण्यासारखी. सगळ्या पेट्या दिलीत आणल्या आणि मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजल्या, जिल्हावार किंवा गाववार निकाल काढायचाच नाही असं ठरलं होतं. का, तर कुठल्या गावाने काय मत दिलं हे कळलं असतं तर त्या गावावर सूड उगवला गेला असता. हे बारीक कलम वाचलं की तिथे वातावरण कसं होतं ते पानभर वर्णनापेक्षा जास्त कळतं. एप्रिलमध्येच लिकिसाच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या लोकांची कत्तल झाली होती.

आणि कराराचं सगळ्यात कच्चं कलम, सुरक्षा. ती इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे ठेवली. यूएनची माणसं आली ती बिनहत्यारी. या एका कलमाची किंमत पुढे सप्टेंबरमध्ये मोजावी लागली, आणि हे कलम का स्वीकारलं गेलं यावर अभ्यासगटात भरपूर वाद होऊ द्या, कारण दुसऱ्या बाजूला भीती ही होती की अडून बसलो तर हबीबींची खिडकी बंद होईल, त्यांची खुर्ची किती दिवसांची हे कुणालाच माहीत नव्हतं.

मतदान ८ ऑगस्टचं होतं ते ३० ऑगस्टवर गेलं. नोंदणी ४,५१,७९२. मतदान ९८.६ टक्के. पहाटेच्या अंधारापासून रांगा, लोक डोंगर उतरून आले, मत देऊन पुन्हा डोंगरात लपायला गेले. स्वायत्तता नाकारणारी मतं ३,४४,५८०, स्वीकारणारी ९४,३८८. म्हणजे ७८.५ टक्के नकार.

सप्टेंबर १९९९ वर जास्त वेळ घालवा

निकाल ४ सप्टेंबरला दिलीत जाहीर झाला आणि लष्कराच्या पाठिंब्यावरच्या मिलिशियांनी, म्हणजे सशस्त्र टोळ्यांनी, जाळपोळ सुरू केली. त्या वर्षात साधारण १४०० माणसं मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास लोक सीमेपलीकडे पश्चिम तिमोरमध्ये हाकलले गेले, शाळा-दवाखाने-वीज धरून सत्तर टक्क्यांच्या घरात बांधकामं उद्ध्वस्त. तिमोरच्या प्रतिकाराचे नेते शनाना गुस्माव यांनी आपल्या फालिंतिल (स्वातंत्र्यासाठी लढणारी सेना) सैनिकांना छावण्यांतच थांबायला सांगितलं होतं, घरं जळताना दिसत असूनही ते थांबले, म्हणजे जकार्ताला "ही यादवी आहे" असं म्हणायची सोय राहिली नाही. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत अवघड वाटतो तो हा संयम.

आणि इथे पैशाचा रकाना पुन्हा जिवंत होतो, जो बहुतेकांच्या टिपणांत १९९८ लाच संपलेला असतो. इंडोनेशिया अजून आयएमएफच्या हप्त्यांवर उभा होता. बँक बालीच्या घोटाळ्यावरून आधीच बोलणी ताणलेली होती, त्यात तिमोर. आयएमएफने जकार्ताला जायचं आपलं पथक थांबवलं, जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी हबीबींना पत्र लिहिलं, अमेरिकेने लष्करी संबंध तोडले, ऑकलंडला एपेकची (आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक गटाची) परिषद भरलेली होती आणि सगळे नेते तिथे एकत्र. १२ सप्टेंबरला हबीबींनी आंतरराष्ट्रीय सैन्य यायला होकार दिला. १५ ला सुरक्षा परिषदेचा ठराव १२६४, २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं हे आंतरराष्ट्रीय सैन्य, इंटरफेट, दिलीत उतरलं.

म्हणजे कागदावर आता तिसरा बाण काढा, आणि त्याची दिशा बघा, हा बाण संकटातून नाही तर संकटानंतरच्या कर्जातून निघतो. कर्जबाजारी देशाला बाहेरचं ऐकावं लागतं. त्यासोबत हेही लिहा की हेच देश आणि याच संस्था सुहार्तोंना अनेक वर्षं पैसा आणि शस्त्रं पुरवत होत्या, तेव्हा हीच तार ओढायची इच्छा कुणाला झाली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाच्या लोकपरिषदेने तिमोरचं सामिलीकरण रद्द केलं, त्याच अधिवेशनात हबीबींनी मांडलेला कारभाराचा हिशोबही नाकारला गेला आणि ते अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. मग यूएनचं प्रशासन, आणि २० मे २००२ ला स्वतंत्र तिमोर-लेस्ते, गुस्माव पहिले अध्यक्ष.

वाचायचं काय आणि कुठे सावध राहायचं

इंडोनेशियाने आयएमएफला दिलेली हमीपत्रं इंटरनेटवर खुली आहेत, ती आधी वाचा, बातम्या नंतर. यूएनचे ठराव दोन-दोन पानांचे असतात, घाबरायचं कारण नाही. मेच्या कराराची परिशिष्टं सोडू नका, सगळी गोम परिशिष्टांत असते. नेत्यांच्या आठवणी वाचताना तारीख बघा, २००२ नंतर लिहिलेल्या प्रत्येक आठवणीत जो तो तिमोरचा जुना मित्र निघतो. ऑस्ट्रेलियन लेखन भरपूर मिळतं पण त्यात ऑस्ट्रेलियाच मध्यभागी असतो, म्हणून तिमोरी लोकांच्या साक्षी, सत्यशोधन आयोगासमोर दिलेल्या, त्या बरोबरीने वाचा.

शब्दांची सवय लावून घ्या. स्वयंनिर्णय म्हणजे स्वातंत्र्यच असं नाही. आमसभेच्या ठराव १५४१ मध्ये तीन वाटा दिल्यात, स्वतंत्र होणं, दुसऱ्या देशाशी मोकळं सहकार्य ठेवणं, किंवा त्यात सामील होणं, अट एवढीच की लोकांनी खुलेपणाने ठरवलेलं असावं. त्यामुळे "स्वयंनिर्णय मागतात म्हणजे फुटीर" हे समीकरण उत्तरात चुकूनही येऊ देऊ नका.

स्वातंत्र्यानंतरचं पैशाचं काय झालं हा शेवटचा तुकडाही लावा. नव्या देशाने स्वतःचं चलन न काढता अमेरिकन डॉलर ठेवला, म्हणजे ज्या चलनपतनाच्या गोंधळात तो जन्माला आला तसला धोका टळला, पण स्वतःचा दर हलवायची मुभाही गेली. २००५ मध्ये पेट्रोलियम फंड उभा केला आणि सरकारचा बहुतांश खर्च त्यातून चालतो. ऑस्ट्रेलियाशी समुद्री हद्दीचा करार २०१८ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते आसियानचा ११ वा सदस्य झाला, म्हणजे आता इंडोनेशियाच्या शेजारी त्याच टेबलावर बसतो. तेरा लाखांवर लोकसंख्या, तेलाचे साठे आटत चाललेले, शेती अजून पावसावर. कर्जबाजारी नाही ही जमेची बाजू, पण तेलानंतर काय हा प्रश्न तिथल्या प्रत्येक निवडणुकीत असतो.

एवढं झालं की हाच कागद दुसऱ्या केसला लावून बघा, तरच तो हातात बसेल. न्यू कॅलेडोनिया घ्या, हॉवर्डच्या पत्रात ज्याचा दाखला होता तेच. तिथे तीन सार्वमतं झाली, २०१८ ला ५६.७ टक्के नकार, २०२० ला ५३.३ टक्के नकार, आणि डिसेंबर २०२१ ला ९६.५ टक्के नकार. तिसरा आकडा बघून दचकायच्या आधी मतदानाचा टक्का काढा, ४४ च्या आत, कारण कोविडच्या मृत्यूंचं सुतक चालू असताना मतदान नको म्हणून कनाक (तिथले मूळ रहिवासी) संघटनांनी बहिष्कार घातला होता. मग पैशाच्या रकान्यात निकेलचे पडलेले भाव लिहा, फाइलच्या रकान्यात लिहा की हा प्रदेश १९८६ पासून पुन्हा यूएनच्या यादीत आहे, सत्तेच्या रकान्यात मे २०२४ ची मतदारयादीवरून पेटलेली दंगल लिहा. पाच प्रश्न पुन्हा विचारा, प्रश्न कुणी लिहिला, पर्याय किती, मत कुणाला, मोजणी कुठे, सुरक्षा कुणाकडे. इथे सगळं घोडं "मत कुणाला" यावर अडलंय, कनाक की नंतर येऊन राहिलेलेही, आणि तिमोरमध्ये जे अडलं होतं ते "सुरक्षा कुणाकडे" यावर. दोन्ही कागद शेजारी ठेवून हा फरक गटात मांडा आणि चर्चा तिथून सुरू करा.